तिन्हीसांजेचे माप

एकदा एक माणूस आपल्याच घरातल्या, आपणच हौसेने आणलेल्या खुर्चीला घाबरू लागला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वाघाला घाबरलो म्हटले तर लोक धीर देतात. खुर्चीला घाबरलो म्हटले तर हसतात.

तो राहत होता ते गाव विणकरांचे. घरून काम करण्याचे त्या गावाला काही अप्रूप नव्हते. तिथे पिढ्यानपिढ्या माणसे सकाळचा चहा घेऊन उठत, चार पावले चालून मागाच्या खोलीत जात आणि कामाला लागत. मागाखाली जमिनीत खड्डा असे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसे, पाय आतल्या, दाबायच्या पावड्यांवर ठेवी आणि हातांनी सुताची नळी असलेला धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकी. आपला हा माणूसही तरुणपणी पाच वर्षे असा बसला होता. त्याला ज्यांनी ही विद्या दिली त्या वृद्ध विणकराला सारा गाव आबा म्हणे. आबांचे शिष्य लांबूनही ओळखू येत. धोटा फेकताना उजव्या हाताची शेवटची दोन बोटे ते किंचित बाहेर ठेवत, कारण आबा तशी ठेवत. बाजारातले व्यापारी ते पाहून म्हणत, "हा आबांचा हात," आणि शिष्यांची छाती फुगत असे.

पुढे या शिष्याने माग सोडला, शिक्षण घेतले आणि एका दूरच्या शहरात इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत तो नोकरीला लागला. काही वर्षांनी कंपनीने सांगितले की आता घरी बसून काम केले तरी चालेल. तो आनंदाने पत्नीसह गावी परतला. मागची खोली त्याने रंगवून घेतली. संगणकाचे दोन मोठे पडदे आणले, दिवा आणला, आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन एका व्यापाऱ्याकडून हात टेकायला दांडे असलेली, वरखाली होणारी, उंची खुर्ची आणली.

व्यापारी गोड बोलणारा होता. त्याने शिष्याला खुर्चीत बसवले, फितीने पाठ मोजली, कोपर मोजले, हात टेकायचे दांडे त्या मापाला आवळून दिले. शिष्य पोट आत घेऊन, मान ताठ करून बसला होता. फोटो काढताना आणि माप देताना कुठलाही माणूस आपल्या खऱ्या उंचीपेक्षा दोन बोटे उंच असतो, हे काही व्यापाऱ्याचे पाप नव्हे.

"साहेब, हिच्यात एकदा बसलात की उठावंसंच वाटणार नाही," व्यापारी म्हणाला. शिष्याला तो आशीर्वाद वाटला.

आता त्याच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. पडद्याच्या कडेला त्याच्यासह कंपनीतल्या नऊ जणांच्या नावांची यादी असे आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. माणूस काम करत असला की ठिपका हिरवा. हात पाच मिनिटे थांबला की ठिपका पिवळा. पिवळा झाल्यास अमुक शिक्षा होईल असे कुणी कधी म्हटले नव्हते. पण त्या यादीत पूर्वी एक दहावा माणूस होता. तो रोज दुपारी तान्ह्या लेकराला झोपवायला वीस मिनिटे उठायचा, आणि त्याचा ठिपका रोज दुपारी पिवळा व्हायचा. एका सोमवारी त्याचे नाव यादीत नव्हते. का, ते कुणी सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही. कदाचित त्याला दुसरीकडे बरी नोकरी लागली असेल. पण भीतीला कदाचित हा शब्द ठाऊक नसतो.

त्या सोमवारपासून शिष्याने आपली बैठक नव्याने मांडली. पाण्याची बाटली हाताशी आली. चहाची किटली हाताशी आली. डबा, चार्जर, कागद, पंख्याचे बटण, सारे काही खुर्चीतून न उठता मिळेल असे त्याने मांडले आणि स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला. मग त्याच्या लक्षात आले की पाणी प्यायले की उठावे लागते. त्याने पाणी कमी केले. दारावर कुणी आले तर तो श्वास रोखून बसे, म्हणजे येणारा परत जाई. जेवताना डावा हात घासाला आणि उजवा हात माऊसवर असे. पत्नी म्हणाली, "अहो, जरा बाहेर ओट्यावर येऊन जेवा." तो म्हणाला, "आज नको, उद्या." असे तीन महिने गेले.

मग एका दुपारी त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट झोपी गेले. आधी मुंग्या आल्या. त्याने हात झटकला, मुंग्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या जेवणाआधीच आल्या. आठवडाभराने सकाळी उठतानाच ती दोन बोटे दुसऱ्या कुणाची असावीत तशी वाटू लागली. एकदा चहाचा कप उचलताना तो हातातून सरळ सुटला आणि फरशीवर फुटला.

"हाताला काय झालं?" पत्नीने तुकडे गोळा करता करता विचारले.

"कप ओला होता," तो म्हणाला.

कप कोरडा होता. त्याला ते ठाऊक होते, आणि तिलाही. तो मनाशी म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. नकाशे काढणाऱ्याचा हात गेला हे कंपनीला कळले, तर आपले नाव यादीत किती सोमवार टिकेल?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही. खुर्चीत बसण्याआधी तो दाराशी घुटमळू लागला. दांड्यावर कोपर टेकले की कोपरापासून करंगळीपर्यंत एक थंड रेघ उतरे. तरी तो टेकून बसे, कारण टेकले नाही तर हात तरंगत राही आणि खांदा भरून येई. आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यामुळे त्याचा धीर सुटला. एका दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा त्याने तीन दिवसांपूर्वी पूर्ण केला होता. तो पुन्हा उघडून पाहताना त्याला दिसले, की जिन्याची एक भिंत वीतभर सरकली आहे. ती त्याच्याच हाताने सरकली होती. बधिर बोट कधी घसरले, हे हाताला कळलेच नव्हते. स्ट्रेचर त्या जिन्यावरून वळले नसते.

भिंत त्याने जागेवर आणली. कुणाला पत्ता लागला नाही. पण तो तसाच खुर्चीत बसून राहिला. जे आपल्याला कळले ते आपण दुरुस्त केले, पण जे कळलेच नसेल त्याचे काय, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

त्या रविवारी तो आबांकडे गेला. आबा सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि अजूनही रोज मागावर बसत. साठ वर्षे घरात बसून काम केलेल्या माणसाला बसण्याविषयी काही तरी ठाऊक असणार, असे त्याला वाटले. त्याने हाताचे काही सांगितले नाही. फक्त म्हणाला, "आबा, माझी बैठक एकदा बघा. खुर्ची चांगली आहे, पण काही तरी जमत नाही."

आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्या हाताकडे पाहिले. तो हात खिशात होता.

"उद्या येतो," आबा म्हणाले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आबा आले. कमरेला सुताची एक गुंडी खोचलेली होती. शिष्य लगेच खुर्चीत ताठ बसला आणि म्हणाला, "घ्या माप."

आबांनी गुंडीला हातही लावला नाही. कोपऱ्यात चटई अंथरून ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "तू तुझं काम कर."

शिष्याला कळेना. म्हातारा माप घ्यायला आला आहे की पाहुणचाराला? पण विचारायला वेळ नव्हता; ठिपका हिरवा व्हायची वेळ झाली होती. अकरा वाजता पडद्यावर सगळ्यांची बैठक भरली, तेव्हा त्याने केस नीट केले, पाठ ताणली आणि हसऱ्या चेहऱ्याने प्रश्नांची उत्तरे दिली. त्याला वाटले, आता तरी आबा माप घेतील, कारण आता आपण अगदी बरोबर बसलो आहोत. आबा जपमाळ ओढत होते. दुपारी पत्नीने आबांना ताट वाढले आणि याचा डबा टेबलावर ठेवला. आबांनी दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि भात कालवला.

तीन वाजता मुंग्या आल्या. चार वाजता दोन बोटे गेली. आबांसमोर हात झटकायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो तसाच काम करत राहिला. साडेपाचपर्यंत त्याची पाठ खचली, मान पडद्याकडे पुढे आली, डावा पाय मांडीखाली गेला, आणि सारे अंग उजव्या कोपरावर कलले. आपण कसे बसलो आहोत याचे त्याला भानही नव्हते. बाहेर उन्हे उतरली होती. पत्नी देवापाशी दिवा लावत होती.

तेव्हा आबा उठले. त्यांनी कमरेची गुंडी सोडली आणि दोऱ्याचे एक टोक त्याच्या टाचेशी धरले.

शिष्य दचकला आणि झटकन ताठ झाला.

आबांनी त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि त्याला हळूच खाली दाबले. "हलू नकोस. होतास तसा बस."

"आबा, आता मी दमलोय. माप चुकेल."

"सकाळचं चुकलं असतं."

त्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरा नेला आणि एक गाठ मारली. बैठकीपासून कोपरापर्यंत नेला आणि दुसरी गाठ मारली. बैठकीपासून डोळ्यांपर्यंत नेला आणि तिसरी गाठ मारली. म्हाताऱ्या हातांना गाठ मारायला वेळ लागत होता. शिष्याचा उजवा हात माऊसवरून बाजूला झाला होता, आणि त्याची नजर पडद्याच्या कडेला खिळली होती. चार मिनिटे झाली असतील. गाठी संपल्या, तसा आबांनी तो हात धरला.

"आबा, हात सोडा. ठिपका पिवळा होईल."

"कसला ठिपका?"

त्याने सांगितले. दहाव्या माणसाचेही सांगितले. आबांनी ऐकून घेतले, पण हात सोडला नाही. शिष्याने हिसका द्यायचा प्रयत्न केला आणि तेव्हा त्याला कळले, की हिसका द्यायला त्या हातात जोरच नाही. आबांच्या सैल पकडीतूनही तो सुटत नव्हता. ठिपका पिवळा झाला. शिष्याने डोळे मिटले.

"मूठ मीट," आबा म्हणाले.

त्याने मिटली. तीन बोटे मिटली. दोन अर्धवट बाहेर राहिली.

आबांनी आपला उजवा हात त्याच्या हाताशेजारी धरला आणि आपली मूठ मिटली. त्यांचीही दोन बोटे बाहेर राहिली. तीच दोन.

शिष्य पाहतच राहिला. पाच वर्षे ज्या हाताकडे पाहून तो शिकला, तो हात हा. "आबा, मला वाटायचं ती तुमची ढब आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच वाटायचं," आबा म्हणाले. ते चटईवर परत बसले. बोलले तेव्हा शिष्याकडे पाहून नाही, दोऱ्याकडे पाहून बोलले.

"आपल्यात नव्या विणकराचा खड्डा खणायच्या आधी त्याला दुसऱ्याच्या मागावर दिवसभर राबवतात आणि तिन्हीसांजेला त्याचं माप घेतात. तुझं मी तसंच घेतलं होतं. तू पोरगेला होतास, विसरला असशील. सकाळचा माणूस दोन घटका असतो. दमलेला माणूस दिवसभर असतो. खड्डा त्याच्यासाठी खणायचा. माझं माप घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिला स्वतंत्र माग मिळणार होता. गुरूंना वाटू नये की हा गडी दमतो, म्हणून दोरा अंगाला लागताच मी छाती काढून बसलो. त्यांनी विश्वासानं गाठी मारल्या. खड्डा खोल झाला, बैठक खाली गेली, आणि रोज दुपारनंतर पाठ खचली की माझं कोपर समोरच्या लाकडावर टेकायला लागलं. दोन वर्षं मुंग्या येत होत्या. सांगितलं असतं, तर मी माप देताना खोटा बसलो होतो हे सांगावं लागलं असतं. त्या लाजेपायी दोन बोटं गेली. खड्डा पुन्हा खणायला अर्धा दिवस लागला असता, लेका."

शिष्याने आपली दोन बोटे डाव्या हाताने धरली.

"पण त्याहून वाईट पुढंच आहे. बोटं गेली त्याची भीती मी लपवली, आणि लोक तिला ढब म्हणायला लागले. मी म्हणू दिलं. तू आणि तुझ्यासारखे अकरा जण चांगली बोटं बाहेर काढून माग चालवायला शिकलात. झाकली मूठ म्हणतात ना? मूठ झाकायला ती आधी मिटावी लागते."

दिवेलागण झाली होती. पडद्यावर त्याच्या नावापुढचा ठिपका पिवळाच होता. शिष्याच्या मनात आले, आपण खुर्ची त्या माणसासाठी आणली जो व्यापाऱ्यापुढे आणि पडद्यापुढे बसतो. आणि बसतो भलताच माणूस, ज्याला आपण कुणालाच दाखवलेला नाही. त्याचे डोळे भरून आले. हे हाताचे दुःख होते की इतके दिवस एकट्याने भ्यायल्याचे, ते त्यालाही सांगता आले नसते.

"माझा हात जाईल का, आबा?"

"ते मला ठाऊक नाही. दोऱ्यानं बोटं परत येत नाहीत. उद्या डॉक्टरकडे जा." आबांनी गाठी मारलेला दोरा टेबलाच्या खिळ्याला अडकवला. "आणि या गाठींशी खुर्ची जुळव. आज तिच्याशी तू जुळतोयस."

मग त्या दोघांनी आणि पत्नीने मिळून दांडे खाली उतरवले, पायाखाली एक घडी केलेली घोंगडी घातली, आणि पडदे जुन्या डब्यांवर चढवून तिसऱ्या गाठीशी आणले. जाता जाता आबांनी पाण्याची बाटली आणि किटली उचलली आणि थेट अंगणातल्या रांजणापाशी नेऊन ठेवली.

"तिथं कशाला, आबा?" पत्नीने विचारले.

"तहान लागली की याला उठता यावं म्हणून, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी अकराच्या बैठकीआधी शिष्याने आपले म्हणणे दोनदा कागदावर लिहून काढले. बसायची सोय आता झाली होती. बोलायची व्हायची होती. नऊ चौकटींत नऊ चेहरे आले. वरिष्ठ बाईंनी कामाची यादी वाचली आणि कुणाला काही सांगायचे आहे का, असे रोजच्यासारखे विचारले. रोज यावर कुणी काही बोलत नसे.

तो म्हणाला, "माझी दोन बोटं बधिर झाली आहेत. मागच्या आठवड्यात त्यामुळे एक भिंत वीतभर सरकली. मी ती दुरुस्त केली, पण तो नकाशा कुणीतरी पुन्हा तपासावा. आणि यापुढे दर तासाला मी पाच मिनिटं उठणार आहे."

बोलून होताच त्याने स्वतःचे नाव यादीतून गेलेले पाहिले, सामान बांधलेले पाहिले, सारे पाहिले. मग कोपऱ्यातल्या एका चौकटीत, जिथली सहकारी नेहमी फक्त हनुवटीपर्यंत दिसायची, तिने खालून आपला हात वर आणला. मनगटाला काळा पट्टा होता. "माझा हा पट्टा चार महिन्यांपासून आहे," ती म्हणाली. दुसऱ्या एकाने मानेला हात लावला आणि मान हलवली.

वरिष्ठ बाईंनी कामाची यादी बाजूला ठेवली. "नकाशा मी स्वतः तपासते," त्या म्हणाल्या. "बाकीचं दहा मिनिटांनी बोलू. उठा सगळे."

चौकटी मिटल्या. शिष्य यादीकडे पाहत उभा राहिला. एकेक करून ठिपके पिवळे होत गेले, आणि सगळ्यांत शेवटी बाईंचा झाला. मग तो अंगणात गेला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

दुपारी डॉक्टरांनी त्याचे कोपर तपासले. शीर दाबली गेली आहे, पण अजून वेळ गेलेली नाही, असे ते म्हणाले. सगळी जाणीव परत येईलच, असे वचन मात्र त्यांनी दिले नाही. महिनाभराने एका बोटाला ऊन आणि गार कळू लागले. करंगळी अजून अर्धी झोपेत होती. भीती पूर्ण गेली असे कसे म्हणावे? पण ती आता त्याच्या एकट्याची नव्हती, आणि वाटून घेतलेली भीती रात्रीची झोप उडवत नाही.

हे सांगायला तो आबांकडे गेला, तेव्हा मागावर एक पन्नाशीची बाई नव्याने धोटा फेकायला शिकत होती. तिची नजर आबांच्या हातावर होती, आणि आपल्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तिने मोठ्या निष्ठेने बाहेर काढून ठेवली होती. आबा वाकले. आपल्या वाकड्या हातानेच त्यांनी ती दोन बोटे धरली आणि धोट्यावर आत मिटवली.

"ती आत घे, बाई," ते म्हणाले. "ते माझं दुखणं आहे. तू शिकायचं नाहीस."